अ‍ॅडमिरलच्या सुळ्यातलं चाक

कवळीवाल्याचा फोन वाजला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पितळेचा होता आणि डाव्या हातात दोन जणांचा चहा होता. त्यामुळे फोन त्याच्या खिशातून डचेसने काढला. काढला, त्याच्या कानाला लावला आणि तशीच उभी राहिली. दुसऱ्याच्या घरचं ऐकायला मिळत असलं की माणसाचा हात दुखत नाही.

"माझं चाक कुठंय?" बायकोने विचारलं.

"कसलं चाक?"

"आत्याच्या घड्याळाचं. सकाळपासून शोधतेय. धुऊन वाळत ठेवलं होतं, मेलेल्यांच्या डब्याच्या झाकणावर."

कवळीवाल्याच्या हातातला चहा बशीत उतरला.

इथे थोडं मागं जायला हवं. कवळीवाला आणि त्याची बायको एकाच गाळ्यात धंदा करायचे. पुढे बायकोचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे याची कवळ्या बनवायची खोली, मध्ये एक दार. बायकोकडे एक पत्र्याचा डबा होता. जी घड्याळं दुरुस्तीपलीकडे गेली त्यांची चाकं, काटे, स्क्रू त्यात पडायचे. त्याला दोघं मेलेल्यांचा डबा म्हणायची. त्यातलं काय हवं ते घ्यायची नवऱ्याला पूर्ण मुभा होती. आणि नवऱ्याला त्यातलं सगळंच हवं असायचं, कारण नवरा स्टीमपंकवाला होता.

स्टीमपंक म्हणजे काय, हे त्याने सासरी एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. समजा, विजेचा शोध लागलाच नाही. सगळं जग वाफेवर चालतंय. विमानं वाफेवर, गणकयंत्रं वाफेवर. लोक उंच हॅट घालतात, डोळ्यांवर गॉगल चढवतात, अंगभर पितळेची चाकं मिरवतात. आम्ही तसे कपडे शिवतो, तसले खेळ खेळतो आणि वर्षातून एकदा मोठा मेळावा भरवतो. सगळं ऐकून घेऊन आत्याबाई, म्हणजे बायकोची सख्खी आत्या, एवढंच म्हणाल्या होत्या, "मग मोबाइल कशावर चार्ज करता, जावईबापू?"

तर आज तो मेळावा होता. क्लबात प्रत्येकाला हुद्दा असायचा आणि तो ज्याचा त्याने घ्यायचा, त्यामुळे अकरा कप्तान होते आणि खलाशी एकही नव्हता. कवळीवाला त्या अकरांपैकी एक. डचेस एरवी वाहतूक पोलिसात होती. आणि सगळ्यांत वरचा हुद्दा होता अ‍ॅडमिरलचा. हा अ‍ॅडमिरल म्हणजे एका मोठ्या इमारतीतला निवृत्त लिफ्टमन. आयुष्यभर माणसांना वर नेलं आणि खाली आणलं, त्यामुळे हवाई जहाजांच्या ताफ्यावर आपलाच हक्क आहे, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढणं कुणाला जमलं नव्हतं.

याच अ‍ॅडमिरलने कवळीवाल्याकडे हट्ट धरला होता. "सगळ्यांच्या हॅटवर चाकं आहेत. मला दातावर पाहिजे. हसलो की चमकलं पाहिजे."

कवळीवाल्याने त्याला वरची नवी कवळी करून दिली आणि उजव्या सुळ्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकखाली एक मसुरीएवढं पितळी चाक बसवलं. डब्यातलं सगळ्यांत चकचकीत चाक. डब्यातलं म्हणजे, डब्याच्या झाकणावरचं. आता झाकणावर आहे म्हणजे डब्यातलंच उडून वर पडलंय, असं कुणालाही वाटेल. इतकं चकचकीत का आहे, हा प्रश्न मात्र कुणाच्याही डोक्यात आला असता. याच्या आला नाही.

"तू घेतलंस ना?" फोनमधून बायको म्हणाली.

दातखीळ बसणं म्हणजे काय, हे कवळ्या करणाऱ्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"हे बघ," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज चढण्याऐवजी उतरला, जे जास्त वाईट होतं. "त्या चाकाने टिकटिक होते. ते नसेल तर ते घड्याळ म्हणजे साखळीला बांधलेली डबी. ती कंपनी बंद पडून जमाना झाला, दुसरं मिळणार नाही. काकांचं घड्याळ आहे ते. ते गेल्यापासून आत्याने कपाटाबाहेर काढलं नव्हतं. कुकरची शिट्टीसुद्धा ती दुसऱ्याच्या हाती देत नाही, आणि हे माझ्या हातात दिलं. म्हणाली, तुझ्यावर विश्वास टाकतेय. संध्याकाळची गाडी आहे तिची. जाताना घड्याळ घेऊन जायला येणार आहे. मी तिला काय देऊ, डबी?"

"आणतो," कवळीवाला म्हणाला. "कुठे आहे ते मला नक्की माहीत आहे."

"कुठे आहे?"

"सुरक्षित जागी."

डचेसने फोन त्याच्या खिशात परत टाकला. "कुठल्या सुरक्षित जागी?"

"अ‍ॅडमिरलच्या तोंडात."

अ‍ॅडमिरलला त्या हॉलमध्ये शोधणं म्हणजे कावळ्यांच्या शाळेत कावळा शोधणं. एरवी तिथे लोक बॅडमिंटन खेळायचे. आज जिकडे बघावं तिकडे उंच हॅट आणि पांढऱ्या मिश्या. एका कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या हवाई जहाजात बसून चार जण फाशांचा खेळ खेळत होते आणि त्यांचं जहाज तिसऱ्यांदा बुडालं होतं. हवाई जहाज बुडतं कसं, यावर त्यांचं भांडण चालू होतं. एका बाईंच्या पाठीवरचा बॉयलर खराखुरा धूर सोडत होता आणि ज्यांना खोकला आला तेही कौतुकच करत होते. हजारो चाकं होती त्या हॉलमध्ये, आणि एकही फिरत नव्हतं. सगळी चिकटवलेली.

अ‍ॅडमिरल सापडला चहाच्या टेबलापाशी.

तिथे मेळाव्यातला सगळ्यांत मानाचा खेळ चालू होता, चहाचं द्वंद्व. दोघांनी समोरासमोर बसायचं, आपापलं बिस्कीट पंचांच्या इशाऱ्यावर गरम चहात बुडवायचं, इशाऱ्यावर बाहेर काढायचं आणि मग थांबायचं. बिस्कीट वाकत जातं, ओघळायला येतं. जो शेवटपर्यंत थांबेल आणि तरी एक कणही न सांडता खाईल, तो जिंकला. घाई केली तरी हरला, बिस्कीट पडलं तरी हरला. अ‍ॅडमिरल या खेळात आजवर कधी हरला नव्हता. ज्याने जन्मभर बंद पडलेल्या लिफ्टमध्ये लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्याला बिस्किटाची काय घाई.

"अ‍ॅडमिरल, कवळी काढा," कवळीवाला धापा टाकत म्हणाला.

"काय काढा?"

"कवळी. वरची. आत्ता. त्या सुळ्यावरचं चाक माझ्या आतेसासूचं आहे."

अ‍ॅडमिरलने शांतपणे मिशीवरून हात फिरवला. "तुमच्या आतेसासूबाईंना माझा नमस्कार सांगा. फायनल झाली की देतो."

"बायको मला घरात घेणार नाही हो."

"आणि कवळी काढली तर ही बाई मला खेळात घेणार नाही." त्याने बोट केलं पंचबाईंकडे. त्या एरवी ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा घ्यायच्या, आणि शहरात बरेच लोक अजून पायी फिरतात ते त्यांच्यामुळे.

"नियम सातवा," पंचबाई वर न बघता म्हणाल्या. "फेऱ्यांच्या मध्ये पोशाखातली कुठलीही वस्तू उतरवता येणार नाही."

"कवळी पोशाखात येते का?"

"चाक लावलेली येते."

समोर खुर्ची ओढून डचेस बसली, कारण फायनलमध्ये अ‍ॅडमिरलच्या विरुद्ध तीच होती. बसता बसता कवळीवाल्याच्या कानात म्हणाली, "घाबरू नकोस. मी लवकर हरते." आणि लगेच, "नाही, पण हरणार नाही. सॉरी. कप खूप छान आहे यंदा."

बिस्किटं चहात गेली. बाहेर आली. डचेसचं बिस्कीट हळूच मान टाकायला लागलं. अ‍ॅडमिरलचंही. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते. कवळीवाला मात्र सुळ्याकडे बघत होता आणि मनातल्या मनात त्या चाकाशी बोलत होता, बाबा रे, तिथेच बस.

डचेसचा धीर सुटला. तिने बिस्कीट तोंडात टाकलं. स्वच्छ. आता अ‍ॅडमिरलने नुसतं खाल्लं की झालं. पण माणसाला जिंकताना जरा जास्त जिंकायचं असतं. तो आणखी थांबला. बिस्किटाने शेवटचा निरोप घेतला आणि ते खाली निघालं. अ‍ॅडमिरल घारीसारखा झेपावला, कपाच्या अगदी तोंडाशी त्याने ते गाठलं, आणि कप व सुळा यांची टक्कर होऊन टण्ण आवाज झाला.

"विजयी," पंचबाई म्हणाल्या.

अ‍ॅडमिरल उठला, चहाने निथळत्या मिशीखालून सगळ्यांना हसून दाखवलं. सुळा होता. चाक नव्हतं.

कवळीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "गिळलंत?"

"बिस्कीट गिळलं."

"आणि चाक?"

अ‍ॅडमिरलने जिभेने सगळीकडे चाचपून पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू, बंद पडणाऱ्या लिफ्टसारखा उतरला. "लक्षात नाही."

मग जे सुरू झालं त्याला शोधाशोध म्हणणं फार सभ्यपणाचं होईल. कपातला चहा गाळून पाहिला. त्यात काही नव्हतं. पन्नासेक माणसं टेबलाखाली शिरली आणि दोनच मिनिटांत ओरडली, सापडलं. प्रत्येकाला सापडलं होतं. कुणाच्या हॅटवरून पडलेलं, कुणाच्या बुटावरून निखळलेलं, प्लॅस्टिकचं, पुठ्ठ्याचं, एक तर चक्क चॉकलेटच्या कागदाचं. कवळीवाल्यापुढे चाकांचा ढीग जमला आणि त्यात हवं ते नव्हतं.

"डॉक्टर आहे का कुणी?" डचेस वाहतुकीच्या आवाजात म्हणाली.

सव्वीस डॉक्टर पुढे आले. सगळ्यांच्या तोंडावर जुन्या प्लेगच्या डॉक्टरांसारख्या लांब चोची, हातात पितळी सुया. खरा एकही नव्हता. शेवटी चोच वर करून एक जण म्हणाला, "मी खरा आहे. पण जनावरांचा."

"चालेल," कवळीवाला म्हणाला.

"गाईने खिळा गिळला तर आम्ही पोटात लोहचुंबक सोडतो."

"चाक पितळेचं आहे."

"मग वाट बघायची. गाय असेल तर दोन दिवस."

"आणि लिफ्टमन असेल तर?"

"खातो काय त्यावर आहे."

अ‍ॅडमिरल खुर्चीत बसला. त्याच्या मांडीवर जिंकलेला कप होता आणि डोळ्यांत पाणी होतं. "मी लगेच काढून दिली असती तर," तो म्हणाला. "पण काय आहे ना कप्तान, चाळीस वर्षं मी सगळ्यांना विचारलं, कितवा मजला. मला कुणी काही विचारलं नाही. आज इतके लोक बघत होते."

कवळीवाल्याला रागवायचं होतं, पण ते ऐकल्यावर राग नेमका कुठे ठेवला होता ते त्याला आठवेना. "आ करा," तो म्हणाला. "एकदा नीट बघू दे. कवळी आणि टाळूच्या मध्ये गेलं असेल. आणि ही मिशी काढा आधी, काही दिसत नाही."

"निघत नाही," अ‍ॅडमिरल म्हणाला. "तुम्हीच दिलेल्या पेस्टने चिकटवली. कवळीच्या."

खरंच होतं. कवळी बसवायची पेस्ट ओली झाली की आणखी चिकट होते, म्हणून तर ती तोंडात टिकते. आणि मिशी आज अख्खा कप चहा प्यायली होती. डचेसने एक टोक धरलं, जनावरांच्या डॉक्टरने खांदे धरले. अ‍ॅडमिरलने डोळे मिटले. एक लांब, ओला, केविलवाणा आवाज झाला आणि मिशी हातात आली.

तिच्या आतल्या बाजूला, पेस्ट आणि बिस्किटाच्या चिखलात, मसुरीएवढं काहीतरी चमकत होतं.

कवळीवाल्याने गॉगलची भिंगं खाली ओढली. टोकदार, बारीक, एका बाजूला झुकलेले दाते. सगळे जागच्या जागी.

त्याचा जीव भांड्यात पडला. निम्मा. त्याने डचेसकरवी फोन लावला. "सापडलं."

"कशात?" बायकोने विचारलं.

"मिशीत."

"बोट लावू नकोस," ती म्हणाली. "नखाने उचकटशील तर दाता वाकेल. आहे तसं घेऊन ये. आणि मागच्या दाराने ये. आत्या आलीये. मघापासून समोर बसलीये. मी तिला सांगितलंय, घड्याळाला सोडण्यापूर्वी जरा विश्रांती द्यावी लागते."

"तिला पटलं?"

"ती म्हणाली, माणसालाही द्यावी लागते, आणि पाय वर घेऊन बसली."

मिशी चहाच्या कपात ठेवली, अ‍ॅडमिरलने आता आपणहून काढून दिलेली कवळीही त्यातच ठेवली, वर बशी झाकली. अ‍ॅडमिरल म्हणाला, मिशी जिथे मी तिथे. टॅक्सीवाल्याने एकाचा पितळी हात पाहिला, दुसऱ्याचे खांद्यावरचे झुबके पाहिले, मांडीवरची बशी पाहिली, आणि म्हणाला, "हॉस्पिटल की शूटिंग?"

"आतेसासू," कवळीवाला म्हणाला. टॅक्सीवाला संसारी असावा. त्याने गाडी जोरात सोडली.

मागच्या दाराने जायचं ठरलं होतं. पण मागच्या दाराची किल्ली उजव्या खिशात होती आणि उजवा हात पितळी. तो हात निघेना, डाव्या हातात कप होता, आणि दुसऱ्याच्या खिशात हात घालायला अ‍ॅडमिरल तयार होईना. मग पुढचंच दार उरलं. काउंटरसमोरच्या स्टुलावर आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी जावयाला हॅटपासून बुटापर्यंत पाहिलं.

"कामावरून आलात?"

"हो, म्हणजे, हे आमचे अ‍ॅडमिरल," कवळीवाला म्हणाला आणि कप मागे बायकोच्या हाती सरकवला. बायकोने बशी उचलून आत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने गिळलं आणि पाठ करून टेबलाशी बसली. डोळ्याला भिंग लावलं. कोमट पाण्याची वाटी ओढली.

आता आत्याबाईंना तिच्याकडे बघू द्यायचं नव्हतं. कवळीवाल्याने अ‍ॅडमिरलला कोपराने ढोसलं. पितळी कोपर होतं, अ‍ॅडमिरल स्टुलापर्यंत पोचला.

"बसा," आत्याबाई म्हणाल्या. "कुठल्या जहाजावर असता?"

"हवाई."

"अगंबाई. लांब लांब जावं लागत असेल."

अ‍ॅडमिरलने कवळीवाल्याकडे पाहिलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "लांब नाही," तो म्हणाला. "उंच. नवव्यापर्यंत."

"नववं काय?"

"मजला."

"आणि मग?"

"मग खाली."

आत्याबाईंनी मान डोलावली. "आमच्या यांचंही तसंच. टपालाच्या ऑफिसात होते. जगभरची पत्रं हातातून गेली, स्वतः कुठे गेले नाहीत. ओठावर काय झालंय? सोललंय."

"मिशी होती," अ‍ॅडमिरल म्हणाला. "आत्ताच गेली."

"वाईट झालं," आत्याबाई मनापासून म्हणाल्या. "अचानक जातात."

मागे चिमट्याचा बारीक आवाज येत होता. कवळीवाला काउंटरला टेकून आपल्या पितळी हातावरची चाकं उगाच मोजत होता. चिमट्याचा आवाज थांबला. झाकण बंद झाल्याचा टक आला. चावी दिल्याची करकर आली. मग काहीच नाही. कवळीवाल्याने श्वास रोखून धरला. अ‍ॅडमिरलनेही धरला, बिस्कीट वाकताना धरायचा तसा.

आणि मग टिक. आणि टिक. आणि मग मोजायची गरज नाही इतकं.

बायको उठली, मऊ फडक्याने घड्याळ पुसलं आणि आत्याच्या तळहातावर ठेवलं. आत्याबाईंनी काटे पाहिले नाहीत, तबकडी पाहिली नाही. घड्याळ सरळ कानाला लावलं. पदराखाली घेतलं, पुन्हा कानाला लावलं.

"हं," त्या खूप वेळाने म्हणाल्या. "हाच आवाज. यांच्या उशीखाली असायचा. थांबला तेव्हापासून मला धड झोप नाही." मग पुतणीच्या गालाला हात लावला. "बरं झालं तुझ्याकडे दिलं. दुसऱ्या कुणी हरवलं असतं त्यातलं काहीतरी."

"अगं आत्या, ऐक ना," बायको म्हणाली, "खरं सांगायचं तर…"

"मला गाडी आहे," आत्याबाई म्हणाल्या. "खरं काय ते पुढच्या वेळी. घड्याळाला बिस्किटाचा वास येतोय, तोही पुढच्या वेळी." अ‍ॅडमिरलकडे वळल्या. "चला, वाटेतच तुमचं जहाज असेल तर माझी पिशवी तेवढी गाडीपर्यंत धरा."

अ‍ॅडमिरल खाडकन उठला, दार उघडून धरलं आणि सवयीने विचारलं, "खाली ना?"

"खालीच," आत्याबाई म्हणाल्या, आणि दोघं पायऱ्या उतरून गेली.

दार लागलं. बायको स्टुलावर बसली, तिने कपाळ काउंटरवर टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. कवळीवाला घाबरून वाकला. ती हसत होती. इतकी की तिला श्वास घेता येईना. मिशी, ती मध्येच म्हणायची, आणि पुन्हा सुरू. शेवटी तोही हसायला लागला आणि त्याचा पितळी हात आपोआप सुटून खणखणत जमिनीवर पडला. दोघांनीही तो उचलला नाही.

"त्यांची कवळी कपातच राहिली," डोळे पुसत बायको म्हणाली. "सुळ्याला खड्डा पडलाय. बिचारे जेवणार कसे. उद्या सकाळी आधी ती करून दे."

"देतो." कवळीवाला जरा घुटमळला. "त्या जागी काय बसवू मग?"

"दात," बायको म्हणाली.